हिमप्रदेशातील ध्यानयोगी मिलारेपा

आमच्या धम्मवर्गात ध्यानाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उपासक मंडळी मावळात भाजे लेण्यांच्या परिसरात शिबिरासाठी गेलो होतो. पावसाळ्याचे दिवस होते. कड्यावरून पाणी कोसळत होते, लोहगड-विसापूर ढगांत बुडाले होते. पावसाने उघडीप दिली तशी आम्ही पहाटे उघड्यावरच आनापानसतीला बसलो. साधना संपल्यावर गिरणीतून निवृत्त झालेले एक बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले की गुरुजी, डोंगरावर डोळे मिटून बसणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे. ज्याची जमीन भाऊबंदांनी आणि सावकाराने गिळली, ज्याची आई दुसऱ्याच्या बांधावर राबून मेली, त्याला ध्यान काय देणार? त्याला हक्क पाहिजे.

बाबांचा राग खरा होता आणि मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. हा प्रश्न काही त्यांच्या एकट्याचा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो दुसऱ्या अंगाने विचारला आहे. भगवंतांनी भिक्खूची निर्मिती केली ती स्वतःपुरता परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी की समाजाचा सेवक घडवण्यासाठी, हा तो प्रश्न. नुसता परिपूर्ण झालेला आणि जगाच्या उपयोगी न पडणारा भिक्खू बाबासाहेबांना मान्य नव्हता. म्हणूनच आपल्याकडे ध्यान म्हटले की मनात शंका येते, आणि ती येणे योग्यच आहे.

पुढे माझ्या वाचनात तिबेटच्या मिलारेपाचे चरित्र आले. त्याची जमीन भाऊबंदांनीच गिळली होती. त्याची आई दुसऱ्याच्या शेतात राबली होती. आणि याच माणसाने आयुष्याची कित्येक वर्षे बर्फाच्या डोंगरांत, गुहांत आणि कड्यांवर ध्यानयोगात घालवली. म्हणून त्या बाबांना डोळ्यांसमोर ठेवून हे चरित्र लिहीत आहे.

आधी साधनांविषयी थोडे सांगतो. मिलारेपाचा काळ इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकातला. त्याचा जन्म बहुधा 1052 चा आणि मृत्यू 1135 चा, जरी काही जण या दोन्ही तारखा बारा वर्षे मागे नेतात. त्याचे जे चरित्र जगभर वाचले जाते ते मात्र 1488 साली त्सांगन्योन हेरुका या भटक्या योग्याने लिहिले, म्हणजे साडेतीनशे वर्षांनंतर. त्यात चमत्कार आहेत, आकाशातून उडणे आहे, भुतेखेते आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने हे सगळे जसेच्या तसे गिळण्याचे कारण नाही. पण चमत्कारांचा पाचोळा बाजूला केला की खाली एक खराखुरा, दुखावलेला, चुकलेला आणि धडपडणारा माणूस दिसतो. हे चरित्र इंग्रजीत आणले ते गंगटोकच्या शाळेचे मुख्याध्यापक काझी दावा-समदुप यांनी. त्यांच्या निधनानंतर इव्हान्स-वेंट्झ यांनी संपादन करून 1928 साली ते प्रसिद्ध केले. एका शाळामास्तरच्या हातून हे काम झाले याचा मला, व्यवसायबंधू म्हणून, थोडा अभिमानही वाटतो.

नेपाळच्या सरहद्दीला लागून तिबेटचा गुंगथांग नावाचा प्रांत आहे. तेथील त्सा खोऱ्यातील एका गावात मिला घराण्यात हा मुलगा जन्मला. बाप मिला शेरब ग्याल्त्सेन हा व्यापारी. मुलगा झाला तेव्हा तो मालाच्या फेरीवर होता. बातमी ऐकून त्याला इतका आनंद झाला की ऐकायला गोड अशा अर्थाचे थोपागा हे नाव त्याने मुलाला दिले. पुढे एक मुलगी झाली, पेता. घर चांगले सुस्थितीतले. त्रिकोणी आकाराचा सुपीक मळा होता, खांबांचे मोठे घर होते, मुलांच्या केसांत सोने आणि पिरोजाचे खडे माळलेले असत.

थोपागा सात वर्षांचा असताना बाप आजारी पडला. मरताना त्याने गोतावळ्यासमोर सर्व मालमत्ता आपल्या चुलतभावाच्या आणि बहिणीच्या स्वाधीन केली. मुलगा वयात आला की ती त्याला परत द्यायची, असे ठरले. बाप गेला आणि काका-आत्याने सगळे वाटून घेतले. विधवा न्यांगत्सा कारग्येन आणि तिची दोन लेकरे आपल्याच घरात चाकर झाली. उन्हाळ्यात काकाच्या शेतावर मजुरी करायची, हिवाळ्यात आत्याकडे लोकर पिंजायची आणि कातायची. खायला कुत्र्याला घालतात तसले अन्न, अंगावर चिंध्या. ज्या केसांत सोने होते त्यांत उवा झाल्या. विधवेचा हक्क दिराच्या आणि नणंदेच्या मर्जीवर टांगलेला असला की काय होते हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते अडवले गेले म्हणून 1951 साली मंत्रिपद सोडले, त्यामागे अशाच लाखो न्यांगत्सा होत्या.

थोपागा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा आईने माहेरकडून आलेल्या छोट्या शेताच्या उत्पन्नातून जेवण घातले, सगळ्यांना बोलावले आणि नवऱ्याची इच्छा सर्वांसमोर वाचून दाखवून मालमत्ता परत मागितली. काका-आत्या उलटले. मालमत्ता मुळात आमचीच होती, तुझ्या नवऱ्याला आम्ही ती उसनी दिली होती, असे सांगून त्यांनी तिला आणि मुलांना मारहाण केली. बळ असेल तर लढून घ्या, नसेल तर चेटूक करून घ्या, असेही कुचेष्टेने सांगितले. जमलेल्यांतल्या काहींना वाईट वाटले, पण उभे कोणी राहिले नाही. तिथे ना न्यायालय होते ना कायदा.

न्यांगत्साने ती कुचेष्टा शब्दशः घेतली. तिच्या मनात दुसरे काही उरलेच नाही. एकदा मुलगा गुरुजींबरोबर एका मेजवानीला गेला आणि छांग पिऊन गाणे म्हणत घरी येऊ लागला. आई जव भाजत होती. गाणे ऐकताच ती एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात राख घेऊन धावली, राख त्याच्या तोंडावर फेकली, त्याला बडवले आणि स्वतःच बेशुद्ध पडली. आपली ही दशा असताना पोराला गाणे सुचते कसे, हे तिचे दुःख होते. मग तिने अर्धे शेत विकले, त्या पैशावर मुलाला मारणविद्या शिकायला पाठवले आणि बजावले की गावात तुझ्या करणीची खूण दिसली नाही तर मी तुझ्यासमोर जीव देईन.

चरित्रकार सांगतो की थोपागाने ही विद्या शिकून काकाच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी घर कोसळवले आणि पस्तीस माणसे मेली. काका आणि आत्या मात्र वाचली. आईने काठीला चिंधी बांधून ती फडकवली आणि गावभर आनंदाने ओरडत फिरली. पुढे लोक सूड घेतील या भीतीने तिने निरोप धाडला आणि मुलाने ऐन कापणीच्या तोंडावर गारांचा पाऊस पाडून सबंध गावाचे जवाचे पीक झोडपून टाकले.

आता मंत्राने घर पडत नाही आणि गाराही पडत नाहीत, हे आपण शाळेत पोरांना शिकवतो. घर कशाने पडले असेल ते असो. पण ती माणसे मरावीत म्हणून या तरुणाने चौदा-चौदा दिवस बंद खोलीत बसून विधी केले होते, ती मेल्याचे ऐकून तो आनंदला होता, आणि आपणच त्यांना मारले अशी त्याची खात्री होती. भगवंतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. त्या कसोटीवर तो खुनी ठरतो. मेलेल्यांत लग्नाला आलेले पाहुणे होते, घरातल्या सुना होत्या, लहान मुले होती, ज्यांनी त्याचे काही बिघडवले नव्हते. आणि ज्यांनी बिघडवले होते ती दोघे जिवंतच राहिली. जमीनही परत मिळाली नाही.

हा भाग मी मुद्दाम लांबवून सांगितला. आपल्या लोकांना संतांच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांतले संत जन्मापासूनच शांत असतात. थोपागा तसा नव्हता. अन्यायाने माणसाचे काय होते, आईचे प्रेमसुद्धा कसे विखारी होते, हे त्याच्या अंगावर दिसते.

हळूहळू त्याला पश्चात्ताप झाला. दिवसा बसवेना, रात्री झोप येईना. दुसऱ्या एका गुरूकडे काही दिवस काढून तो ल्होद्राक येथे मार्पाकडे गेला. मार्पा (1012 ते 1097) हा लोत्सावा, म्हणजे अनुवादक. त्याने तीन वेळा हिमालय ओलांडून भारतात येऊन धम्मग्रंथ नेले होते. नालंदा तेव्हा चालू होते, आणि अतिश दीपंकर विक्रमशिलेहून तिबेटात गेले ते 1042 साली, याच काळात. मार्पाचा गुरू नरोपा, नरोपाचा गुरू तिलोपा. तिलोपा तीळ कांडून पोट भरत असे अशी परंपरा आहे. या सिद्धांच्या मालिकेत चामड्याचे काम करणारा चमारिपा आहे, विणकर तंतिपा आहे, लोहार कंपरिपा आहे. ज्यांना या देशात देवळाची पायरी चढू दिली नाही त्यांच्याच धंद्यातली नावे हिमालयापलीकडे आजही आदराने घेतली जातात, हे आपल्याला माहीत असावे.

मार्पा गुहेतला साधू नव्हता. बायको दाग्मेमा, मुले, शेतीवाडी, घरी गाळलेली छांग, असा त्याचा संसार होता. थोपागा पहिल्यांदा भेटला तेव्हा तो शेत नांगरत होता. त्याने या तरुणाला छांग दिली आणि उरलेले शेत नांगरायला सांगितले. थोपागाने छांग संपवली आणि शेतही संपवले.

त्यानंतर जे झाले ते वाचताना मला नेहमी त्रास होतो. धम्म शिकवण्याऐवजी मार्पाने त्याला बुरूज बांधायला लावले. पूर्वेला गोल बुरूज अर्धा झाला की पाडायला सांगितला, माती-दगड होते तिथे नेऊन टाकायला सांगितले. पश्चिमेला अर्धगोल, तोही पाडला. उत्तरेला त्रिकोणी, तोही पाडला. शेवटी नऊ मजली बुरूज. दगड वाहून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, पू वाहू लागला. दीक्षेच्या वेळी इतरांच्या रांगेत बसला की मार्पा त्याला शिव्या देऊन, मारून बाहेर काढी. दाग्मेमा मात्र त्याच्या जखमा धुई, मलम लावी, चोरून खाऊ घाली, दक्षिणेसाठी स्वतःचा खडा देई. थोपागाने एकदा जीव देण्याचा विचार केला तेव्हाच मार्पा विरघळला. मागचे पाप धुऊन निघावे म्हणून हे सारे केले, असे त्याने सांगितले.

परंपरा यात गुरूची करुणा पाहते. मला तसे पाहता येत नाही. कालामांना भगवंतांनी गुरूच्या शब्दावरसुद्धा विसंबू नका असे शिकवले. मारून शिकवता येत नाही हे मी रोज वर्गात अनुभवतो. या सगळ्यात मला धम्म दिसतो तो दाग्मेमाच्या हातातल्या मलमात. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या हातांनी पस्तीस माणसांचे घर पाडण्याचे विधी केले होते, त्या हातांनी एक घर पायापासून नवव्या मजल्यापर्यंत बांधले. तो बुरूज ल्होद्राकमध्ये आहे. त्याला सेखर गुथोक म्हणतात.

मग दीक्षा झाली, उपदेश झाला. तिथल्याच एका गुहेत, डोक्यावर लोण्याचा दिवा ठेवून, तो विझेपर्यंत न हलता बसण्याचा सराव त्याने केला. काही वर्षांनी स्वप्नात पडके घर आणि मेलेली आई दिसली म्हणून मार्पाचा निरोप घेऊन तो गावी आला. घर खरोखरच पडले होते. मळ्यात तण माजले होते. धम्मग्रंथांच्या पोथ्या पावसाने भिजून, पाखरांच्या विष्ठेने माखून पडल्या होत्या. चुलीपाशी मातीचा आणि चिंध्यांचा ढीग होता. तो उपसताना हाडे लागली. ती आईची होती. बहीण भीक मागत कुठेतरी निघून गेली होती.

त्या हाडांपाशी बसून त्याने ध्यान केले. इथून तो डोंगरात गेला. त्यामुळे डोंगरात जाणे ही त्याची चैन होती असे म्हणता येणार नाही. त्याला परत जायला घरच नव्हते.

तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. झाड नाही, वारा सुटला की खडे उडतात, ऊन कातडी जाळते आणि सावलीत पाणी गोठते. दक्षिणेला नेपाळच्या बाजूने नद्यांनी खोल दऱ्या कापल्या आहेत. अशाच एका दरीवर, क्यिरोंगच्या प्रदेशात, द्राकार तासो नावाचा पांढरा कडा आहे. नावाचा अर्थ घोड्याच्या दातासारखा पांढरा खडक. त्या कड्यातल्या गुहेत मिला राहिला. जवळचे पीठ संपले तेव्हा गुहेसमोर उगवणारा खाजरा पाला तो खाऊ लागला. नेपाळात त्याला सिस्नू म्हणतात. त्याचे काटे पाण्यात उकळल्यावरच निवतात. मीठ नाही, पीठ नाही, नुसता पाला. वर्षानुवर्षे तो खाऊन अंग वाळले आणि कातडीवर हिरवट छटा आली. एकदा शिकारी आले आणि भूत समजून पळाले. चोर आले तर त्यांना चोरण्यासारखे काही सापडेना. एक दिवस पाला शिजवायचे मडके निसटून फुटले, आणि आत इतक्या दिवसांचा जमलेला हिरवा थर मडक्याच्याच आकाराचा बाहेर पडला. आपली एकुलती एक मालमत्ता अशी फुटलेली पाहून त्याला अनिच्च म्हणजे काय ते कळले, असे चरित्रकार लिहितो.

तो काय करी तेही सांगतो. पालथी मांडी घालून, कणा ताठ ठेवून, श्वास बेंबीखाली रोखून तिथे चित्त एकाग्र करायचे आणि देहात ऊब जागवायची, या साधनेला तिबेटी भाषेत तुम्मो म्हणतात. सोबत श्वास रोखून करायच्या शरीराच्या हालचाली असतात. नरोपाकडून मार्पाकडे आणि मार्पाकडून मिलाकडे आलेला हा योग. तो जमला की एका सुती वस्त्रावर हिवाळा काढता येतो. सुती वस्त्र नेसणारा तो रेपा, म्हणून मिला-रेपा. हे सारे थोतांड असेल असे वाटून मी आधी पाने उलटली होती. पण हार्वर्डच्या डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी 1981 मध्ये धर्मशाळेजवळ राहणाऱ्या तीन तिबेटी भिक्खूंची तपासणी केली, तेव्हा या साधनेत हातापायांच्या बोटांचे तापमान 8.3 अंश सेल्सिअसपर्यंत वाढलेले आढळले. 1982 साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. हा शरीराचा अभ्यास आहे. यात देवाचे काही नाही.

आणि उघड्यावर बसणे तर भगवंतांपासून चालत आले आहे. अरण्यात जा, झाडाखाली बसा किंवा रिकाम्या घरात बसा, अशी आनापानसतीची सुरुवातच सुत्तांत आहे. योग म्हटला की तो बामणांच्या घरचा, असे समजून आपण दूर सारतो. ते बरोबर नाही.

मात्र पाल्यावर जगण्याचे काय? हा तर देहदंडाचा मार्ग झाला, आणि तो सिद्धार्थाने सहा वर्षे करून सोडून दिला होता. इथे चरित्रात एक प्रसंग आहे. भीक मागत फिरणारी बहीण पेता भावाचा पत्ता लागल्यावर गुहेत आली. त्याचा सापळा पाहून रडली. ज्या मुलीशी लहानपणी त्याचे लग्न ठरले होते ती झेसेही आली. दोघींनी पीठ, लोणी, मांस, छांग आणून खाऊ घातले. इतक्या वर्षांनी पोटात अन्न गेल्यावर त्याच्या अंगात कळा उठल्या, चित्त सैरभैर झाले, ध्यान होईना. तेव्हा त्याने अडचणीच्या वेळी उघड म्हणून मार्पाने दिलेली गुंडाळी उघडली. तिच्यात लिहिले होते की आता चांगले अन्न घेत जा. त्याने तसे केले आणि जे वर्षानुवर्षे अडले होते ते मोकळे झाले. सुजाताची खीर आठवल्यावाचून राहत नाही. भगवंतांनी नेरंजरेच्या काठी जे ओळखले ते मिलारेपाला एका भिकारणीच्या आणि एका सोडलेल्या वाग्दत्तेच्या हातच्या अन्नाने कळले. मला हे त्याच्या सर्व चमत्कारांहून मोलाचे वाटते.

पेताला भावाच्या उघड्या अंगाची लाज वाटे. तिने लोकरीचे कापड आणून दिले आणि अंग झाकायला सांगितले. त्याने त्याच्या बोटांना टोप्या शिवल्या. ती चिडली. माझी बोटेही माझ्याच देहाची आहेत, त्यांची लाज का वाटत नाही, असे त्याने तिला विचारले. मिलारेपाला विनोद होता. आपल्या गंभीर धम्मवर्गांना त्याचा थोडा अंश मिळाला तर बरे होईल.

आत्याचे राहिलेच. गुहेत राहत असताना एकदा तो भिक्षेला फिरत तिच्या तंबूपाशी पोहोचला. तिने कुत्री सोडली आणि तंबूच्या काठीने त्याला मारले. त्याच्यापाशी अजून मारणविद्या होती असे लोक समजत. त्याने ती वापरली नाही. मग घर आणि मळा त्याने तिलाच देऊन टाकला. हे वाचून आमचे गिरणीवाले बाबा चिडतील, आणि मीही पहिल्यांदा चिडलो होतो. जमीन सोडून देणे हा काही आपला मार्ग नव्हे. आपल्या हातात संविधान आहे, न्यायालय आहे, आणि 1927 साली महाडच्या तळ्यावर आपण पाणी कोणाच्या मेहेरबानीने प्यालो नाही. हक्क सोडायला धम्म सांगत नाही. मिलारेपाने जे सोडले त्याकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. पडके घर आणि तणाचा मळा त्याच्या उपयोगाचा राहिला नव्हता, पण त्या मळ्याभोवती गुंडाळलेला सूड त्याच्या आईला हाडे होईपर्यंत आणि त्याला खुनी होईपर्यंत घेऊन गेला होता. पुढे म्हातारपणी हीच आत्या पश्चात्ताप पावून त्याच्याकडे आली. पेताने तिला आत घेऊ नये म्हणून विरोध केला. पेताचेही चुकत नव्हते. मिलारेपाने आत्याला धम्म शिकवला.

गुहा बदलत राहिल्या. त्यांतली लाप्ची ही जागा नेपाळ-तिबेट सरहद्दीवर, 7134 मीटर उंचीच्या गौरीशंकर शिखराच्या परिसरात आहे. एका वर्षी तो तिथे हिवाळ्यासाठी गेला. बरोबर थोडे पीठ, तांदूळ, मांस आणि लोणी होते. नंतर अठरा दिवस-रात्र बर्फ पडत राहिले आणि सहा महिने वाट बंद झाली. शिष्यांनी तो मेला असे धरून त्याच्या नावाने विधीही उरकले. बर्फ थोडे बसल्यावर ते हाडे शोधायला वाट खणत निघाले, तर एका खडकावर हिमबिबट्या आळस देताना दिसला आणि पुढे गुहेतून गाण्याचा आवाज आला. पीठ अजून शिल्लक होते. ज्या मुलाने गाणे म्हटले म्हणून आईने राख फेकली होती, तो आता साऱ्या डोंगरांत गाण्यासाठीच ओळखला जाई. मेंढपाळ येत, शिकारी येत, व्यापारी आणि बायाबापड्या येत. त्यांना पोथी कळत नसे. तो त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच चालींवर गाऊन धम्म सांगे. गोंपो दोर्जे नावाचा एक शिकारी हरणामागे धावत आला. हरीण मिलारेपाच्या एका बाजूला बसले, मागून धापा टाकत आलेला कुत्रा दुसऱ्या बाजूला. शिकाऱ्याने धनुष्य टाकले आणि तो शिष्य झाला.

गुहेत बसलेला हा माणूस असा लोकांच्या उपयोगी पडला. मोठा मठ त्याने बांधला नाही, कोणा राजाच्या दारी गेला नाही. शिष्यांत रेचुंगपा होता, लहानपणी अनाथासारखा वाढलेला. गंपोपा (1079 ते 1153) होता, दाक्पो प्रांतातला वैद्य. रोगाने बायको गेल्यावर तो भिक्खू झाला होता. काग्यू परंपरेचे मठ पुढे गंपोपापासून वाढले. गंपोपा निरोप घेऊन निघाला तेव्हा शेवटचा सर्वांत गूढ उपदेश देण्यासाठी मिलारेपाने त्याला नदीपलीकडून परत बोलावले, मागे वळला आणि सुती वस्त्र वर करून आपले कुल्ले दाखवले. दगडावर बसून बसून त्यांवर घट्टे पडले होते, बैलाच्या मानेवर जू घासून पडतात तसे. दुसरा काही उपदेश नव्हता.

शेवट विषाने झाला. एक विद्वान गेशे होता. लोक आपल्याला सोडून या अर्धनग्न माणसाकडे जातात हे त्याला सहन होईना. त्याने आपल्या बाईला पिरोजाचा मोठा खडा देऊ केला आणि तिच्या हाती विष घातलेले दही पाठवले. मिलारेपाने ते ओळखले. खडा आधी पदरात पाडून घे, कारण काम झाल्यावर तो तुला देणार नाही, असे त्याने त्या बाईला सांगितले आणि दुसऱ्यांदा आणलेले दही प्याला. वयाच्या ज्या टप्प्यावर आपण त्याला ओळखले तेव्हा तो विधी करून माणसे मारत होता. आता शिष्यांना त्याने गेशेचा सूड घेऊ दिला नाही. गेशे पुढे रडत आला आणि त्याने आपली संपत्ती धम्मासाठी देऊन टाकली. चुवार येथे 1135 मध्ये, तिबेटी गणनेने चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मिलारेपाचे निधन झाले.

आयुष्यात जमवलेले सोने चुलीखाली पुरले आहे, ते कसे वाटून घ्यायचे हे तिथेच लिहिलेले सापडेल, असे त्याने जाण्यापूर्वी सांगून ठेवले होते. शिष्यांनी चूल उकरली. सुती कापडाचा एक तुकडा निघाला, त्यात एक चाकू, एक साखरेचा खडा आणि एक चिठ्ठी. चाकूने कापड आणि साखर कापून सर्वांना वाटा, असे तिच्यात होते, आणि मिलाकडे सोने होते असे जो म्हणेल त्याच्यासाठी एक शिवीही होती. शिष्य रडत होते ते हसू लागले. मग त्यांनी कापड कापले, साखर फोडली आणि जमलेल्या सगळ्यांना तुकडा-तुकडा दिला.